स्वच्छ कपड्यांची बॅक

२०२३ सालची गोष्ट. आयर्लंडमधल्या डून लेरीच्या एका मुलींच्या शाळेत, हॉकीच्या संघात चांगली बॅक, म्हणजे बचाव सांभाळणारी, कोणती हे ठरवण्यासाठी पालकांची समिती नेमण्यात आली. तोवर हे काम ओर्ला नावाच्या प्रशिक्षक बाई एकट्याच करत. चहाचा मग घेऊन त्या रेषेपाशी उभ्या राहत, बघत आणि निवडत. या पद्धतीत पारदर्शकता नाही, अशी तक्रार विक्रांत यांनी केली. त्यांची तन्वी राखीव खेळाडूंत बसत असे. आयरिश पालक 'ग्रँड', म्हणजे चालेल की, असं म्हणून घरी गेले आणि समितीत आपलीच माणसं उरली.

अध्यक्षपद माझ्या मुलाकडे, उपेंद्रकडे आलं. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. पहिली बैठक आमच्या घरी झाली. मी पोह्यांच्या बशा आणल्या, तेव्हा त्याने ओळख करून दिली, "ही आई. नागपूरहून आलीय. काही करत नाही, घरीच असते."

समितीने ऑफिसातली वार्षिक मूल्यमापनाची पद्धत जशीच्या तशी मैदानावर नेली. अडवलेल्या प्रत्येक चेंडूला गुण. जे मोजता येत नाही ते घडलंच नाही असं धरावं, हा ठराव पद्मिनीने मांडला. ती एका कंपनीत माणसं निवडते.

पहिल्याच निकालात माझी नात इशिता शेवटची आली. ती अशा जागी उभी राहते की समोरच्या मुलीला तिथून जावंसंच वाटत नाही. चेंडू दुसरीकडे जातो आणि इशिताच्या नावापुढे शून्य पडतं. तन्वी मात्र समोरच्या फॉरवर्डला आधी पुढे जाऊ देई, मग मागून धावत जाऊन लोळण घेई. पालक टाळ्या वाजवत. चषकाचा अंतिम सामना तोंडावर आला होता. शाळेत पाऊल ठेवल्यापासून इशिताला तेवढा एक सामना खेळायचा होता, आणि बापाच्याच पद्धतीने तिला बाहेर बसवलं.

मी उपेंद्रला सांगितलं, "आमचे हॉकीचे सर सामना संपला की आमचे कपडे बघत. जिचे स्वच्छ, ती बॅक चांगली. तिने लोळायची वेळच येऊ दिली नाही."

"आई, ते चौसष्ट साल होतं," तो म्हणाला.

कपड्यांचा मुद्दा मात्र त्याला पटला. पुढच्या बैठकीत डागांना गुण ठेवण्यात आले. डाग जितके जास्त, तितकी निष्ठा अधिक. तिथलं मैदान कृत्रिम हिरवळीचं, त्यावर चिखल मिळेना. म्हणून मुली सामन्याआधी शेजारच्या बागेत लोळून येऊ लागल्या.

मग सगळ्याच बॅक शहाण्या झाल्या. समोरच्यांना वाट करून देऊ लागल्या. संघ हरत गेला तसे गुण चढत गेले. आपले फॉरवर्ड चेंडू पलीकडेच ठेवतात, त्यामुळे बचावाला संधी मिळत नाही, असं समितीच्या लक्षात आलं. फॉरवर्डना समज देण्यात आली.

तुम्ही काही बोलत का नाही, असं मी ओर्लाबाईंना विचारलं. आता बघायचं कामच उरलं नाही, चहा गरम पिता येतो, असं त्या म्हणाल्या.

अंतिम सामना आम्ही आठ-शून्य हरलो. बचावफळीला आजवरचे सर्वाधिक गुण मिळाले आणि तन्वीला ढाल. इशिता बाकावर माझ्या शालीत शिरून बसली होती.

"आजी, व्हेन आय प्ले, नथिंग हॅपन्स. हाउ डू यू काउंट दॅट?"

"मोजत नाहीत गं ते," मी म्हटलं. "माणूस तिथे नसलं की कळतं."

तन्वीला पुढे विद्यापीठाची क्रीडा शिष्यवृत्ती मिळाली. विक्रांत डंडॉकला गेले. तिथे ते शाळेच्या बुद्धिबळात पारदर्शकता आणताहेत. पद्मिनीला बढती मिळाली. ओर्लाबाई मलिंगारजवळ कुत्री पाळतात. कुठलं चांगलं ते बघून सांगतात. इशिताने हॉकी सोडली, ती पूल बांधायला शिकते आहे. न पडलेल्या पुलाच्या इंजिनिअरचं नाव छापून येत नाही, हे तिला आधीच ठाऊक आहे.

मी नागपूरला परतले. उपेंद्रचा फोन येतो. दूध नासलं, किल्ली आत राहिली, बॉयलर बंद पडला. "आई, घरात हल्ली सारखं काहीतरी होतंय," असं म्हणतो.

तुम्ही हे इतका वेळ निवांत वाचत बसलात. म्हणजे तुमच्या घरात आत्ता दूध उतू गेलेलं नाही, आणि दाराची बेल वाजली असेल तर कुणीतरी उठलं आहे. त्या उठलेल्या बाई काय करतात, असं पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगता?