आठल्येकाकांची इस्टेट

रविवारी दुपारी चार वाजता आमच्या वरच्या मजल्यावरचे आठल्येकाका टीव्हीचा आवाज बंद करतात आणि पडद्यावरच्या इंग्रज जमीनदाराचं बोलणं स्वतः बोलतात. तेही खडखडीत जर्मनमध्ये, उभं राहून, हात मागे बांधून, तोंडी परीक्षेला आल्यासारखे. परीक्षक मी. वही-पेन घेऊन समोर बसायचं, वाक्य झालं की कॅसेट मागे घ्यायची, आवाज सोडायचा आणि ताडून बघायचं. बरोबर आलं की टिक. न्युरेम्बर्गमधली बाकीची माणसं रविवारी तळ्याकाठी फिरायला जातात.

मालिका ब्रिटिश, आणि जुनीपुराणी. खेड्यातला एक जमीनदार, त्याची हवेली, त्याची कुळं, एक म्हातारा घोडा आणि तेराच्या तेरा भाग पाऊस. मला ती अजिबात आवडत नाही. कुणी धड भांडत नाही, नुसते चहा घेत खिडकीबाहेर बघतात. पण काका तरुण वयात इंजिनियर म्हणून इथे आले तेव्हा ती इथल्या टीव्हीवर जर्मनमध्ये डब होऊन लागायची. त्यांना भाषेच्या वर्गात झोप यायची. मग इंगेकाकूंनी, म्हणजे तेव्हाच्या नुसत्या इंगेनी, सगळे भाग कॅसेटवर उतरवून घेतले आणि या गृहस्थाला समोर बसवून जर्मन शिकवलं. पुढे लग्नच केलं.

शिकवणी यशस्वी झाली, पण घोळ असा झाला की काका जर्मन शिकले ते जमीनदाराचं. बेकरीत जाऊन ते जे म्हणतात त्याचं मराठी करायचं तर असं होईल, "कृपावंत बाईसाहेब, त्या दोन पावांचा लाभ आम्हांस होईल काय?" बेकरीतली मुलगी आधी दचकायची, आता गुडघे वाकवून पाव देते. कागदाच्या कचऱ्याच्या डब्यात कुणी प्लास्टिक टाकलं की काका जिन्यातून गरजतात, "माझ्या इस्टेटीत हे खपणार नाही." इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर दोन माणसं उंच आहे, पण काकांचा आवाज आला की तळघरात जातो.

इंगेकाकू गेल्या त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर ही परीक्षा सुरू झाली. मला वाटलं, एकटा माणूस आहे, बायकोची आठवण काढतोय, काढू दे. मीही मराठी बोलायला आसुसलेली. आमच्या घरात मराठी बोलणारी मी एकटी, आणि तेही भांड्यांशी. नवरा माझा मार्टिन. स्वभावानं गरीब, पण त्याला मराठीतलं 'जेवायला चल' सोडून काही कळत नाही. तर म्हटलं, जाऊ या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

कारण हा खेळ नव्हता. हे मला तिसऱ्या-चौथ्या रविवारी कळायला लागलं. वाक्य म्हणण्याआधी काकांच्या कपाळावर घाम यायचा. टिक मिळाली की ते हळूच खिशातला रुमाल काढायचे आणि म्हणायचे, "गेनाऊ, अगदी बरोबर. इस्टेट शाबूत आहे." मधल्या वारी फोन यायचा, "सुजाता, आज वार कोणता? थांब, सांगू नकोस, मी सांगतो." मग सोमवारपासून पुटपुटत मोजणं चालायचं. "गुरुवार." मी म्हणायची, बरोबर. पलीकडे सुस्कारा.

शेवटी एकदा चिडूनच विचारलं, "काका, पाठांतर चुकलं तर कोण सुळावर देणार आहे तुम्हाला? एवढं घाबरायचं काय त्यात?"

काकांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, "इंगेच्या शेजारच्या खोलीत एक इटालियन होता."

इंगेकाकू शेवटचे काही महिने वृद्धाश्रमात होत्या. हा इटालियन चाळीस वर्षं इथल्या कारखान्यात राबलेला, जर्मन फर्डं बोलणारा. पण म्हातारपणी विसरायला लागला, आणि विसरताना आधी जर्मन गेलं. नंतर शिकलेलं आधी जातं, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणे. उरलं फक्त आईकडचं इटालियन. दिवसभर तो एकच शब्द म्हणायचा. नर्स बिचाऱ्या गोड हसायच्या, गाल थोपटायच्या, रस आणून द्यायच्या. तो रडायचा. काकांनी तो शब्द कागदावर लिहून घेतला, पण इंगेकाकूंच्या धावपळीत शोधायचा राहून गेला. तो माणूस गेल्यावर मग डिक्शनरीत बघितला.

"मोजे," काका म्हणाले. "त्याला मोजे हवे होते गं. पाय गार पडत होते."

ते पुढे म्हणाले, "तो इटालियन. त्याची भाषा बोलणारे या गावात शेकड्यानं आहेत, तरी ही गत. मी उद्या तिथे पडून 'दिवा मालवू नका' म्हटलं तर कोणाला कळणार?"

त्या दिवशी जिना उतरताना मला स्वतःचीच भीती वाटली. मी अजून स्वप्नं मराठीत बघते. खाली मार्टिन सॅलड चिरत होता. मी त्याला उगाचच मराठीत म्हटलं, "मीठ दे." त्यानं हसून मला लिंबू दिलं. एरवी मी फिदीफिदी हसले असते. त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले.

तेव्हापासून रविवारी वर चढताना माझे पाय जड व्हायचे. आणि मागच्या महिन्यात जे व्हायचं ते झालंच.

नववा भाग होता. म्हाताऱ्या घोड्याला दुसऱ्या गावी नेताहेत आणि जमीनदार पावसात उभा आहे. मी आवाज बंद केला. पडद्यावर ओठ हलले. मी पेन घट्ट धरलं. मग काका सावकाश, स्पष्ट आवाजात म्हणाले,

"फाटक उघडं राहू दे. त्याला परत यावंसं वाटलं तर अडायला नको."

मराठीत. वाक्य अक्षरशः बरोबर, भाव बरोबर, आणि सगळं मराठीत. त्यांना पत्ताच नव्हता. माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, "आल्झो? बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं आणि वहीत टिक केली. आयुष्यात इतकं धडधडीत खोटं मी सासूबाईंशीही बोललेली नाही.

पण मी कॅसेट मागे घेतली नाही, ताडून बघितलं नाही. तिथेच मी सापडले. काका माझ्या रिमोटवरच्या हाताकडे बघत राहिले. मग वहीतल्या त्या खुणेकडे.

"जर्मनमध्ये नाही बोललो का मी?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"म्हणजे इस्टेटीचं कुंपण पडलं," ते म्हणाले आणि टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या, आणखी व्हायच्या आहेत. घाबरायचं कारण आहे की नाही, हे कोणी ठाम सांगत नाही, म्हणून आम्ही दोघंही घाबरतो. पण गेल्या रविवारी नेहमीच्या चार वाजता फोन आला. "वर ये. मार्टिनला घेऊन ये."

आम्ही गेलो. टीव्ही बंद, आणि टेबलावर नवी वही. डाव्या बाजूला रोमन अक्षरांत मराठी, उजव्या बाजूला जर्मन अर्थ. 'पाणी.' 'मोजे.' 'दिवा मालवू नका.' 'भात मऊ करा.' उद्या जी कोणी नर्स असेल तिच्यासाठी. काकांनी मार्टिनला मराठीची बाजू मोठ्यानं वाचायला सांगितली.

"त्यानं कशाला? मी वाचते की," मी म्हटलं.

"तुझं काय ऐकायचं? तू मराठी आहेस. नर्स बोलेल ती याच्यासारखंच बोलेल. ते मला कळतंय का, ते बघायचंय."

म्हणजे परीक्षा होतीच, फक्त उलटी. काका हात मागे बांधून उभे राहिले. मार्टिन घशातल्या घशात 'र' घोळवत वाचत गेला, 'पानी', 'मोझे', आणि काका प्रत्येक शब्दाला मान डोलवत गेले. 'भाट मऊ करा' ला तर आम्ही तिघंही हसलो. किती दिवसांनी त्या खोलीत कोणी हसलं होतं.

शेवटचं पान आलं. तिथे डावीकडे एकच ओळ होती, 'इंगे कुठे गेली?' उजवीकडे तिचा अर्थ. आणि खाली, सबंध वहीत फक्त इथेच, नर्सनं काय उत्तर द्यायचं तेही लिहिलेलं होतं. मार्टिननं माझ्याकडे बघितलं. काका म्हणाले, "वाच."

मार्टिननं एकेक अक्षर लावत वाचलं, "बेकरीट गेलीय. बसा. येईलच इटक्याट."

काका बसले.