मुगाची गाठ

“गो शुभदा, आंघोळ झाली काय महादेवाची घंटा वाजयसर तोंडातसून एक अक्षर भायर पडता नये. मगे दारात कोणय येवंदे!”

अक्कांनी हे एसटीच्या खिडकीतून सांगितलं होतं. आंघोळीपासून देवळातली घंटा वाजवेपर्यंतचं श्रावणी सोमवारचं हे मौन सासूबाईंनी एकतीस वर्षं पाळलं. यंदा दम्याने त्या वालावलला लेकीकडे निघाल्या आणि जाताना व्रत सुनेच्या ओटीत घालून गेल्या. शुभदाने हो म्हटलं. सुनेचा हो तो, त्यात विचाराला सवड कुठे असते? गाडी हलली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण शाळेत इंग्रजी शिकवतो.

आचऱ्याच्या अलीकडच्या वाडीतली सातवीपर्यंतची शाळा ती. मुख्याध्यापक परशुराम गुरुजी भला माणूस. त्यांनी तोड काढली, सोमवारी बाईंनी शुद्धलेखन घ्यावं. फळ्यावर एक ओळ लिहायची आणि बाकांमधून फिरत राहायचं. दोन सोमवार असे निभावले. मुलांना तर बाईंचं मौन इतकं आवडलं, की आठवड्याचे सगळेच वार महादेवाचे असावेत असं त्यांचं मत पडलं.

तिसऱ्या सोमवारी पदराच्या टोकाला महादेवाला वाहायचे शिवामुठीचे मूग बांधून शुभदा शाळेत आली, तर पायरीवर अनोळखी काळे बूट. ओरोसच्या जिल्हा कचेरीतून साहेब तपासणीला आले होते. शुभदाची नेमणूक तात्पुरती होती. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते साहेबांच्या आजच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

गुरुजींनी तिला पाण्याच्या पिंपापाशी गाठलं.

“बाईनु, आजच्या दिवस बोला. अक्का थंय वालावलाक. तिका काय आयकाक येतला?”

शुभदाने वर आभाळाकडे बोट दाखवलं.

“त्याका मी समजावतंय!”

बोट काही खाली आलं नाही.

कचेरीचं काम निघालं, की गुरुजी मालवणी बोली चपलांसोबत बाहेर ठेवत. घाम पुसत ते साहेबांना म्हणाले, “साहेब, आमच्या बाई इंग्रजी जरा... मूक पद्धतीने शिकवतात. पाठ चालू असताना शिक्षकाने बोलायचंच नाही. पुण्याकडे सध्या तेच चाललं आहे.”

सदानंद साहेबांनी चष्म्यावरून शुभदाकडे पाहिलं. मग तिच्या पदराकडे पाहिलं.

“हो, हो. वाचलंय मी. बघूया की. एखादा सोपासा शब्द घ्या. ‘रन’ घ्या.”

शुभदाने सुटकेचा श्वास टाकला. धावण्याची एक खूण केली, की झालं! पण तिचा हात उचलतोय तोवर पहिल्या बाकावरची पिएदाद उभी राहिली.

“सायबानु, ह्या शब्दाक आमच्या पप्पांच्या डिक्शनरीत चार पानां आसत!”

पिएदादचा बाप फेलिक्स याने गोव्याहून आणलेला तो जाडजूड कोश सगळ्या वाडीला ठाऊक होता. त्याला दोन हातांनी उचलावं लागे.

“चार पानं?” साहेब खुर्चीत मागे रेलले. “मग धावणं सोडा. ते सगळ्यांना येतं. बाकीचं दाखवा.”

शुभदाने मनात महादेवाला हात जोडले आणि पदराने नाक पुसलं.

“नाक गळता!” वर्ग ओरडला.

मग ती हात जोडून, मान तिरकी करून, लाचार हसत प्रत्येक बाकापुढे वाकू लागली.

“निवडणुकीक उभी ऱवली!”

तिने पेद्रूच्या दुकानाकडे बोट करून हवेत तराजू धरला. दुकान चालवणं. दुसऱ्या बाकावरच्या सुगंधाची नवी लाल रिबीन सोडवून तिने पाण्याच्या तांब्यात बुडवली. साहेबांनी उत्साहाने आपला पांढरा रुमाल पुढे केला, आणि ओल्या रिबिनीचा रंग त्यावर कसा उतरतो ते सगळ्या वर्गाने पाहिलं. साहेबांनी जरा जास्तच जवळून पाहिलं.

“वा! आणि हा शब्द मुळात आला कुठून?”

शुभदाने परवाच ते फेलिक्सकडे बसून वाचलं होतं. पण हातांनी कसं सांगावं? तिने तांब्या टेबलावर हळूच कलंडवला. लाल पाणी निघालं, साहेबांच्या फायलीला वळसा घालून काठाशी आलं, घटकाभर थांबलं, आणि साहेबांच्या मांडीत उतरलं.

“बरोबर आसा सायबानु,” पिएदाद म्हणाली. “जुन्या काळात धावणां आणि पाणी व्हावणां, दोनांकय ह्योच शब्द!”

“कळलं,” साहेब उभे राहून म्हणाले. “अगदी आतपर्यंत कळलं.”

घाबरून शुभदाने खिडकीबाहेर बोट दाखवलं. कुंपणापलीकडे कोन्सेसांव मावशीच्या कोंबड्यांचं जाळीचं आवार होतं, आणि त्यालाही इंग्रजीत तोच शब्द. पण मागच्या बाकांना दिसेना. तेव्हा सगळा वर्ग बाहेर धावला आणि कुंपणावर लोंबकळला. कुंपण म्हातारं होतं. ते जाळीला घेऊन आडवं झालं, आणि सात कोंबड्या सात दिशांना गेल्या.

मावशी झाडू घेऊन आली. “कोणी सोडल्यो माज्यो कोंबयो? गो बाये, तुजा लक्ष खंय होता? बोल! बोल मगे!” बोलता बोलता तीच थबकली. “अरे देवा, आज सोमवार! बघा सायबानु, सोमवारी ही घंटा वाजयसर मुकी. आता मी भांडू तरी कोणाशी?”

परशुराम गुरुजींनी डोळे मिटून घेतले. नोकरी गेली, एवढंच शुभदाला कळलं. तरी तिने मावशीपुढे सात बोटं धरली आणि पश्चिमेकडे हात केला.

“दिवेलागणीच्या आधी? सातय? शपथ?”

शुभदाने गळ्याला हात लावला.

“बरां,” मावशी म्हणाली. तिला भांडणाचीच जास्त हळहळ वाटत होती.

साहेबांनी ओल्या मांडीवर वही ठेवून शेरा लिहिला. गुरुजींनी तो उलट्या बाजूने वाचला. ‘बाई गरजेपेक्षा एक शब्दही जास्त बोलत नाहीत. कायम करावे.’

फाटकाशी साहेब हळूच म्हणाले, “तिसरा सोमवार, म्हणजे मूग. पदराची गाठ मी आल्याआल्याच पाहिली, बाई. माझ्या आईचंही मौन असतं. आमचं सगळं घर श्रावणात खुणांवर चालतं.” मग ते वळले. “आणि गुरुजी, ती पुण्याची पद्धत मला सविस्तर लिहून पाठवा. दहाएक पानं चालतील.”

अर्ध्या दिवसाची शाळा सुटली. मुलांनी सहा कोंबड्या धरून आणल्या आणि मग सगळी मुलं जेवायला पळाली. शुभदा देवळात गेली. गाठ सोडून तिने मूग वाहिले, घंटा वाजवली, आणि देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाहेर अंगणात, कुणाच्या तरी मुठीतून सांडलेले मूग टिपणारी तांबडी कोंबडी तिला दिसली.

सकाळपासूनचा पहिला शब्द बाहेर पडला तो, “ये गो, ये!”

कोंबडीने मान वाकडी करून बाईंकडे पाहिलं, उरलेला एक मूग टिपला, आणि पायऱ्या उतरून मळ्याच्या वाटेला लागली.

शुभदाने महादेवाची क्षमा मागितली. देवळाच्या पायरीवरच्या चपला हातात घेतल्या, पदर कमरेला खोचला. वाटेवर कोणी नाही हे दोन्हीकडे नीट पाहून घेतलं, आणि साहेबांनी ‘सोडा’ म्हणून सांगितलेला तेवढा एक अर्थ दाखवायला ती मळ्याच्या बांधावर, मेरेवर उतरली.