सीलबंद पँट

"ही केस मी पाच मिनिटांत जिंकतो," शिंपीकाकांनी बायकोला सांगितलं, आणि त्या तोऱ्यात चष्मा न लावताच सुईत दोरा ओवायला गेले. दोरा ओवला गेला नाही, ती गोष्ट वेगळी.

केस होती त्यांच्या कुत्र्याची. ढोल्या नावाप्रमाणेच ढोलासारखा गोल, नऊ वर्षांचा, आणि शौर्याच्या बाबतीत बेताचाच. दारावरून मांजर गेलं तर तो आधी काकूंच्या मागे लपायचा आणि मग भुंकायचा. या ढोल्याने म्हणे शेजारच्या ग्रंथपालांना चावा घेतला! ग्रंथपाल कधीच निवृत्त झाले होते, पण अजूनही गल्लीत कुणी मोठ्याने बोललं की त्यांचं बोट आपसूक ओठांवर जायचं. ते सकाळी अंगणातली कुंडी उचलायला वाकले. उघड्या फाटकातून ढोल्या आत शिरला आणि त्यांच्या मागे उभा राहून भुंकला. त्याच क्षणी पाठीमागून 'टर्र' असा आवाज आला आणि ग्रंथपालांना नको तिथे गार वारा लागला.

एवढ्यावरून त्यांनी पालिकेत लेखी तक्रार ठोकली. चावा सिद्ध झाला तर ढोल्याची रवानगी गावाबाहेरच्या पिंजऱ्यात होणार होती, आणि तिथून परत आलेला कुत्रा आजवर कुणी पाहिला नव्हता. हे कळल्यापासून काका दिवसातून दहा वेळा मशीन थांबवून टेबलाखाली वाकून बघत. ढोल्या तिथेच असायचा, चिंध्यांच्या ढिगावर घोरत.

आता चारचौघांसारखा माणूस काय करेल? शेजारी जाईल आणि म्हणेल, जरा ती पँट दाखवा बघू. काकूंनी नेमकं हेच सुचवलं. पण काका गेली सहा वर्षं रोज संध्याकाळी कोर्टाची मालिका बघत होते.

"तक्रारदाराशी परस्पर बोलायचं नसतं," ते म्हणाले. "त्याला साक्षीदार फोडणं म्हणतात."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. पलीकडे ग्रंथपालांकडेही तीच मालिका लागायची. भिंत सामाईक होती, त्यामुळे खुनाच्या वेळचं संगीत दोन्ही घरांत एकदमच वाजायचं. ग्रंथपालांनी फाटलेली पँट चिमट्याने उचलली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीला चारही बाजूंनी चिकटपट्टी मारली आणि वर चिठ्ठी डकवली, 'पुरावा क्रमांक एक'. त्याखाली हाताच्या सवयीने 'बाहेर नेण्यास मनाई' असंही लिहिलं. तेव्हापासून पंधरा दिवस पिशवी कपाटावर होती. पुराव्याला हात लावायचा नसतो, म्हणून खुद्द ग्रंथपालांनीही पँट नेमकी कुठे फाटली आहे ते पाहिलं नव्हतं.

इकडे काकांची तालीम सुरू झाली. एका गिऱ्हाइकाचा तयार झालेला काळा कोट त्यांनी तात्पुरता अंगावर चढवला. काकू न्यायाधीश झाल्या, मोजपट्टी हातोडा झाली. मालिकेतला वकील करतो तसं काका पाठीमागे हात बांधून सावकाश चालत जायचे आणि गर्रकन वळायचे. तिसऱ्या प्रश्नाला साक्षीदाराला घाम फुटणार आणि पाचव्याला तो कोसळून सगळं कबूल करणार, असा एकंदर हिशोब होता. मालिकेत दर गुरुवारी कुणीतरी कोसळायचंच. काकांचा अशील ढोल्या तेवढा उलटतपासणी सुरू झाली की झोपी जायचा.

सुनावणीचा दिवस उजाडला. काकू ढोल्याला घेऊन पालिकेच्या जिन्याखाली थांबल्या आणि काका कोट सावरत वर गेले. आत पाहतात तो काय, ना साक्षीदाराचा पिंजरा, ना हातोडा, ना गर्दी! दोन कपाटांच्या मध्ये एक टेबल, त्यामागे फायलींत बुडालेल्या अधिकारी बाई आणि दाराशी एक शिपाई. आधीच्या माणसाची गळक्या नळाची तक्रार बाईंनी तीन मिनिटांत निकालात काढली होती.

"माय लॉर्ड," काकांनी सुरुवात केली.

"मॅडम म्हणा. आणि बसून बोला."

बसून बोलायची तालीमच झाली नव्हती. तरी काकांनी उभ्यानेच गर्रकन वळून घेतलं, आणि कोट कपाटाच्या कडीत अडकला. शिपायाने तो सोडवला. तोवर बाईंनी ग्रंथपालांना विचारलंही होतं की दात नेमके कुठे लागले.

"जागा अशी आहे की ती माझी मला दिसत नाही," ग्रंथपाल पुटपुटले. डॉक्टरांना दाखवायची लाज वाटली, पण परिस्थितीजन्य पुरावा भक्कम आहे, असं म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी पिशवी पुढे केली.

बाईंनी कात्री घेतली आणि पिशवी कापून उघड्या हाताने पँट बाहेर ओढली.

"हातमोजे!" काका आणि ग्रंथपाल एका सुरात ओरडले.

बाईंनी दोघांकडे असं पाहिलं की दोघेही मुकाट्याने खाली बसले. त्यांनी पँट उलटसुलट केली. हे दातांनी फाटलंय की नुसतं उसवलंय ते मला कळत नाही, इथे कुणाला कळतं का, असं त्यांनी विचारलं.

"यांना कळतं," ग्रंथपाल काकांकडे बोट दाखवत म्हणाले. "शिवणीतलं यांच्याइतकं गावात कुणाला कळत नाही."

ग्रंथपाल खरंच मनापासून बोलले होते, आणि तेच काकांना जड गेलं. त्यांनी पँट हातात घेतली. कापडाला ना भोक, ना ओरखडा. मागची शिवण तेवढी वरपासून खालपर्यंत सरळ उसवली होती. पट्ट्याच्या आत लाल दोऱ्याचे तीन बारीक टाके होते. ती काकांचीच खूण! मागच्या वर्षी ग्रंथपालांचं पोट सुटलं तेव्हा ही पँट काकांनीच सैल करून दिली होती, आणि घाईत जुन्या रिळाचा कुजका दोरा वापरला होता. अन् तीस वर्षं दुकानावर पाटी होती, 'आमची शिवण उसवत नाही'.

गप्प बसलं तर पाटीची अब्रू वाचत होती. पण डोळ्यांसमोर चिंध्यांवर घोरणारा ढोल्या आला, आणि काकांचा धीर सुटला.

"कुत्रा निर्दोष आहे, मॅडम," ते म्हणाले. "दोरा कुजका होता. शिवण माझी आहे. गुन्हेगार मी आहे."

आता संगीत वाजायला हवं होतं. वर पंखा तेवढा कुरकुरत होता. बाईंनी दोन ओळी लिहिल्या, शिक्का मारला आणि पुढचा नंबर पुकारायला सांगितलं. शिपायाने पुकारा केला खरा, पण तो एक हात पाठीमागे ठेवून, भिंतीला टेकत टेकत दाराबाहेर गेला. त्याची पँटही काकांच्याच दुकानातली होती.

जिन्याखाली काकूंनी घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "काय झालं?"

"जिंकलो."

"मग तोंड असं का?"

काकांनी खाली बसून ढोल्याच्या मानेत तोंड खुपसलं. मागून ग्रंथपाल आले, खाकरले, आणि चांगल्या दोऱ्याने दोन टाके घालून द्याल का, असं हळूच विचारून पँट देऊन गेले.

दुसऱ्या दिवशी काका शिडी लावून पाटीपाशी चढले आणि ब्रशने एक शब्द वाढवून खाली उतरले. आता तिथे लिहिलंय, 'आमची शिवण सहसा उसवत नाही'.