जिंकल्यावर रडायचं नाही

तिसऱ्यांदा अर्पिता रेस जिंकून गाडीतून उतरली आणि तिसऱ्यांदा तांड्यातल्या चौदा बाया तिच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडल्या.

“कट!” दिग्दर्शक नयन सर भोंग्यातून ओरडले. “अहो ममताताई, सांगा ना यांना! ती जिंकलीये. वारलेली नाहीये!”

ममता हेल्मेट काखेत धरून उभी होती. दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यातली पोरगी मोटारींच्या शर्यतीत पहिली येते, अशी सिनेमाची गोष्ट. पण नायिका झालेल्या अर्पिताला गाडीचं दार उघडण्यापलीकडे काही येत नव्हतं, आणि तिच्या जागी गाडी पळवायला मुंबईहून आणलेल्या दांडग्या ड्रायव्हरच्या पाठीवर तिचा ड्रेस पहिल्याच दिवशी उसवला. तेव्हा रोज पिकअप घेऊन बाजाराला जाणाऱ्या ममताला बोलावणं आलं. गाडी ममतानं आणून उभी करायची. मग कॅमेरा थांबवून अर्पितानं आत बसायचं आणि बाहेर उतरायचं.

ममतानं एकच अट घातली होती. तांड्याच्या बाया म्हणून तांड्याच्याच बाया घ्यायच्या, नागपूरहून आणलेल्या, भाड्याचे घागरे घातलेल्या नाहीत. नयन सर हरखलेच होते. “हेच तर पाहिजे! प्रतिनिधित्व!”

“थे काय असते वं?” तिच्या सासूनं, धुरपताबाईनं, विचारलं होतं. ममता तिला याडी, म्हणजे आई, म्हणायची.

“म्हणजे सिनेमात आपण आपल्यासारखंच दिसायचं, याडी.”

“मंग इतक्या मोटरी घेऊन मुंबईहून आले कायले? तसे तं आपण रोजच दिसतो.”

आता मात्र नयन सर घड्याळाकडे बघत होते. “आज सीन झाला नाही तर उद्या नागपूरहून बायांची बस मागवतो, ताई. माझा नाइलाज आहे.”

ममता बायांकडे वळली. चूक कोणाची म्हणावी? सकाळी सरांच्याच माणसानं बायांना समजावलं होतं, ‘ही तुमची लेक, दोन वर्षांनी घरी येतेय.’ आणि बऱ्याच दिवसांनी आपलं माणूस आलं, की त्याच्या गळ्यात पडून सुरात रडायचं, त्या रडण्यातच खुशाली विचारायची, ही तांड्याची रीत.

“याडी, रडायचं नाही. टाळ्या वाजवा, हसा.”

“दोन सालानं लेक दारात आली न मी दात काढू? लोक म्हणतीन, आई हाये का शेजारीण?”

“सिनेमा हाये वं.”

“मंग आपल्यासारखं दिसा म्हणे, थे कोण?”

ममता हेल्मेट चढवून गाडीकडे गेली.

चौथ्या वेळी बायांनी रडू दाबून धरलं. चौदाजणी ओठ आवळून अशा उभ्या राहिल्या, की जणू अर्पिता घरून पळताना बैलजोडी घेऊन गेली होती. “आता रागावल्यात का या?” नयन सर कपाळ धरून म्हणाले. पाचव्या वेळी शेजारच्या पुष्पाकाकूनं मन घट्ट करून टाळ्या वाजवल्या; पण अर्पितानं “आई!” अशी हाक मारली आणि आधी पुष्पाकाकूच फुटली, मग उरलेल्या तेराजणी. अर्पिताच्या गालावर धुरपताबाईच्या ओढणीतल्या आरशांचे गोल उमटले. मेकअपवाला खालीच बसला.

“शेवटचा चान्स,” नयन सर म्हणाले. असिस्टंटनं फोनवर बसवाल्याचा नंबर काढून ठेवला.

ममता गाडी घेऊन वळणापर्यंत गेली आणि फिरून सुसाट आली. पण समोर बघते तर काय, सावलीत निजवलेली तिची आठ महिन्यांची चिमी जागी होऊन सासूच्या कडेवर, तोंड लालबुंद, आकाशपाताळ एक करून राह्यलेली. ममतानं ब्रेक दाबला. सिनेमा, अर्पिता, नागपूर, सगळं विसरली आणि हेल्मेटसकट बाहेर पडून धावत सुटली.

आणि धुरपताबाई? तिला कशाचं रडू? सून तर दहा मिनिटांमागं गेलेली. हेल्मेट असलं तरी तिनं सुनेची चाल ओळखली. “आली वं, आली! पहिली आली तुही माय, चिमे!” सगळ्या बाया हसत, टाळ्या पिटत धावल्या. “घे वं इले, भुकेनं जीव काढला पोरीनं!” चिमी ममताच्या हातात आली, हेल्मेटची काच बघून चकित झाली आणि मूठ आपटून खदखदून हसली.

कॅमेरा चालूच होता, आणि हेल्मेटमुळे ही अर्पिता की ममता, कळत नव्हतं. नयन सरांचा भोंगा हातातून गळला. “हेच पाहिजे होतं! लेखक कुठंय? हिला बाळ आहे असं लिही. पहिल्या पानापासून.”

“पण गोष्टीत माझं लग्नच नाही झालेलं!” अर्पिता म्हणाली.

“होईल,” लेखक वही उघडत म्हणाला.

“सर, बस?” असिस्टंटनं विचारलं.

“कसली बस? याच बाया राहतील. चला, आता एकदा जवळून. बाळानं पुन्हा तसंच रडायचं.”

तोवर धुरपताबाईनं ओढणीचा आडोसा केला होता आणि आत चिमी दूध पीत होती. ममताला आठवलं, लग्नानंतर ती पहिल्यांदा पिकअपच्या स्टिअरिंगवर बसली, तेव्हा हीच बाई शेजारी डोळे गच्च मिटून बसली होती. पण उतरली नव्हती. एरवी घरात आभार म्हणायची पद्धत नाही. ममतानं नुसतं डोकं सासूच्या खांद्याला टेकवलं.

“काय झालं वं?”

“काही नाही, याडी.”

“मंग हेल्मेट तं काढ. टोचून राह्यलं.”

“ममताताई, रेडी?” भोंगा गरजला.

ओढणीच्या वरून धुरपताबाईचं डोकं निघालं. “ओ भोंगेवाले! लेकरू झोपलं. उठलं तं आज, नाही तं उद्या.”

नयन सरांनी मान डोलावली आणि तोंडावर बोट ठेवलं. साठ माणसं जिथल्या तिथं हळूच खाली बसली. मेकअपवाल्याला शिंक येत होती. तो नाक धरून चवड्यांवर धावत कपाशीच्या पऱ्हाटीत शिरला, आणि शेताच्या पार पलीकडच्या धुऱ्यावर जाऊन शिंकला.