टिपणीसकाकांची जहाजवाली

"दांडी सोड! सोड म्हणतो ना ती दांडी!"

अमेरिकेतल्या शॉमबर्गमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या पार्किंग लॉटमध्ये टिपणीसकाका ओरडत होते. डोळ्यांत थेंब घातलेले, त्यावर पुठ्ठ्याचा काळा चष्मा, आणि शेजारच्या सीटवरून माझ्या दिशेने चाललेले हातवारे. आवाज असा की बाजूच्या दंतवैद्याचा पेशंट दाढ अर्धी उपटलेली ठेवून बाहेर बघायला आला, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मी, पण मी हे इतक्या जणांना सांगितलंय की आता तेही सांगतात.

माझा गुन्हा एवढाच. थेंबांमुळे काकांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांची गाडी मला घरी न्यायची होती. ड्रायव्हरची सीट इतकी पुढे होती की स्टिअरिंग माझ्या बरगड्यांत रुतलं होतं आणि गुडघे कानांशी हितगुज करत होते. ती मागे सरकवायला मी सीटखालची दांडी चाचपडून ओढली, तोच हा गजर झाला. दांडी सोडताना खाली कुठेतरी 'कट' असा बारीक आवाज झाला. दांडी मी सोडली, आवाज गिळला, आणि चार मैल अंतर पोतडीत बांधलेल्या माणसासारखा गाडी चालवत गेलो.

माझं जाऊ द्या, मी जेमतेम साडेपाच फुटांचा. टिपणीसकाका सहा फूट एक इंच होते आणि रोज याच सीटवर बसून गाडी चालवत. मंडळाच्या गणपतीला ते आले की आरती थांबवून लोक खिडकीशी जमायचे. काका गाडीतून हप्त्याहप्त्याने उतरत. आधी एक पाय, मग डोकं, मग बराच वेळ काहीच नाही. प्रसाद वाटून संपायच्या सुमाराला पूर्ण टिपणीसकाका जमिनीवर उभे असत.

"काका, सीट मागे घ्या की जरा," असं दर वर्षी कुणीतरी नवखा बोले.

"इतर गाड्यांत सीट माणसाप्रमाणे सरकते. वाईट सवय. माणसाने थोडं आवरून बसावं."

ही सगळी शिस्त कंपनीची, असं त्यांचं म्हणणं. त्या कंपनीचं नाव मात्र ते घेत नसत. घरच्या माणसाला नावाने हाक मारायची पद्धत आमच्याकडे नाही, म्हणायचे. 'आमची' म्हणत, नाहीतर 'जहाजवाली', कारण तिच्या बिल्ल्यावर शिडाचं जहाज होतं. मीही इथे नाव घेत नाही. काकांना आवडणार नाही.

आम्ही २००१ साली नागपूरहून इथे आलो. मी एका सॉफ्टवेअरच्या नोकरीवर, आणि बायको मेधा माझ्या व्हिसाला बांधलेली, म्हणजे तिला नोकरीची परवानगी नाही. टिपणीसकाका दोन गल्ल्या सोडून राहत. सांगलीचे. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं रेघा ओढून निवृत्त झालेले. काकू आम्ही यायच्या आधीच्या हिवाळ्यात वारल्या होत्या. हॉलमध्ये त्यांचा हार घातलेला फोटो होता, नुसता चेहरा. फोटोत माणसाची उंची कळत नाही.

आम्ही पोरं येऊन वर्षाच्या आत सेकंडहँड जपानी गाड्या घ्यायचो. काका गाडीभोवती एक फेरी मारायचे आणि म्हणायचे, "उत्तम आहे. तिला काही सांगायचं नाहीये, एवढंच." मग आमच्या जहाजवालीला काय सांगायचं आहे ते सुरू व्हायचं. ते ऐकून मी एकदा माझी गाडी तिथेच विसरून पायी घरी गेलो.

जहाजवाली निघाली १९२८ साली. पूर्वी या देशात जहाजाने आलेली माणसं ज्या बंदराला लागली म्हणतात, त्याचं नाव तिला दिलं. शेतकरी, शाळामास्तर, पोस्टमन यांना घेता यावी म्हणून काढलेली गाडी. पुढे मोठी मंदी आली, भल्या भल्या कंपन्या झोपल्या, ही तरली. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक तेव्हा महागड्या गाड्यांचा थाट होता, तो हिने साध्या गाडीच्या चारही चाकांना दिला. इथे काका बोट वर करायचे. "साध्या माणसालाही वेळेवर थांबता आलं पाहिजे."

त्यांच्यासमोर 'स्वस्त' हा शब्द काढायची सोय नव्हती. "स्वस्त नव्हे, परवडणारी. स्वस्त वस्तू विकणाऱ्याच्या सोयीची असते. परवडणारी घेणाऱ्याच्या." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून भाजीच्या दुकानात, बारशात, आणि एकदा मेधाच्या नव्या कुकरबद्दलही ऐकलं.

ते स्वतः १९६९ साली आले. पहिली गाडी हीच, सेकंडहँड, पालकाच्या पातळ भाजीच्या रंगाची. "जहाजातून ती माणसं उतरली तीही थंडीत, मीही थंडीत. त्यांनाही न्यायला कुणी आलं नव्हतं, मलाही नाही," ते म्हणायचे. त्यानंतर चार गाड्या झाल्या, चारही जहाजवाल्या. शेवटची ही करड्या रंगाची.

आम्ही आलो त्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी काका आमच्या अपार्टमेंटमध्ये आले. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस. सोफ्याच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "गेली."

मेधाने पाणी आणून दिलं. कोण गेली हे विचारायचं धाडस मला झालं नाही. म्हातारा घरात एकटा, मुलगी लांब, भारतात एक थोरली बहीण असल्याचं ऐकून होतो. काका पाणी प्यायले, "आज शेवटची बाहेर पडली," एवढं म्हणाले आणि निघून गेले. मी लगेच फोन फिरवले. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलंभात न्यायचा असतो, एवढं आम्हाला अमेरिकेतही ठाऊक होतं. सात वाजता चार कुटुंबं पिठलंभाताची पातेली घेऊन काकांच्या दारात उभी होती, बायका पदर नसल्यामुळे डोळ्यांना टिश्यू लावून.

पातेली टेबलावर ठेवली गेली, कुणीतरी घसा साफ केला, आणि कळलं ते असं, की मोठ्या मालक कंपनीने जहाजवाली कायमची बंद केली होती. शेवटची गाडी त्या दिवशी कारखान्यातून बाहेर पडली होती.

कुणी हसलं नाही. खरं तर हसायला पाहिजे होतं, पण काका इतके सरळ बसले होते की जमलं नाही. आम्ही सगळे गाडीच्या कंपनीच्या सुतकाचं पिठलं गंभीरपणे जेवलो. काकांनी दोनदा भात घेतला. हात धुताना ते माझ्याजवळ म्हणाले, "मागच्या वेळेला बर्फ फार होता. कुणाला यायला जमलं नाही."

मी 'हो हो' म्हणालो. काय म्हणाले ते मला कळायला पुढे तीन वर्षं लागली.

तीन वर्षांनी काकांचा उजवा गुडघा संपला. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, की तुम्ही बेसबॉलमध्ये उकिडवं बसून चेंडू झेलायचं काम करत होतात का. किती वर्षं? काका म्हणाले, नाही, मी व्यवस्थित बसून गाडी चालवतो. गुडघा बदलावा लागला.

ऑपरेशनसाठी मुलगी मंजिरी ॲरिझोनातल्या चँडलरहून आली. तीही इंजिनिअर, आणि बापाची मुलगी. जायच्या आदल्या दिवशी तिने माझ्यासमोर अट घातली. "बाबा, इथे गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही. सहा आठवड्यांत ड्राइव्ह करता आलं तर राहा. नाही जमलं तर कार जंकयार्डला आणि तुम्ही चँडलरला. डील?"

"डील," काका म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की मला काळजी वाटली.

सहा आठवडे संपतील तो शनिवार भंगारवाल्याच्या ट्रकसाठी ठरला. काकांनी जुना कोनमापक काढला, ड्रॉइंग ऑफिसातला, आणि त्या सीटवर बसायला गुडघा किती वाकायला हवा ते भिंतीवर आकृती काढून ठरवलं. एकशे अठरा अंश. व्यायाम करून घेणारी बाई म्हणाली, खुर्चीत बसायला नव्वद पुरे आहेत. काकांनी तिला जहाजवालीचा इतिहास सांगितला. तिने दुसऱ्या दिवशी रजा घेतली, असं मी मानतो.

रोज संध्याकाळी मी जायचो तेव्हा काका कॉटवर दात आवळून पाय ओढत असायचे. ब्याण्णव. शहाण्णव. एकशे दोन. एकशे दोनला गाडी अडली ती अडलीच. शेवटच्या आठवड्यात घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला असे आणि आकडा हलत नसे.

"काका," मी म्हणालो, "चार खाचा सीट मागे घ्या. उद्यापासून चालवाल. इथेच राहाल."

"मग ती गाडी राहत नाही."

"कंपनी बंद झाली काका. शिस्त कुणाला दाखवायची?"

त्यांनी कोनमापक पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली.

शनिवारी ट्रक वेळेवर आला. ट्रकवाला दरवाज्याएवढा होता. म्हणाला, गाडी गराजमधून ड्राइव्हवेवर कुणीतरी काढून द्या, म्हणजे उचलतो, आणि स्वतःच दार उघडून आत वाकला. काका काठी टेकत मध्ये आले. गाडीच्या दारात उभे राहिले. एवढा मोठा माणूस, पण तो मागे झाला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे, काकांनी मान हलवली. नाही.

तेव्हा मेधा म्हणाली, "मी काढू?"

ती काकांचा डबा घेऊन आली होती. मेधाकडे लर्नर्स परमिट होतं, लायसन्स नव्हतं. रोड टेस्ट दोनदा नापास. मेधाची उंची चार फूट दहा इंच. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत उशी घेऊन बसली तर पाय पोचायचे नाहीत, उशी काढली तर रस्ता दिसायचा नाही. तीन वर्षं ती या गावात मी आणीन त्या भाजीवर जगत होती.

काकांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तसं ते फार लांबचं अंतर नव्हतं. मग ते दारातून बाजूला झाले.

मेधा बसली. दार लावलं. काका वळसा घालून पलीकडच्या सीटवर, पाय लांब सोडून बसले. मी मागे शिरलो. मेधाचा हात सवयीने सीटखाली दांडीकडे गेला, पण अर्ध्यातच थांबला. तिने ब्रेकवर पाय ठेवून पाहिला. पाठ टेकली. समोर पाहिलं, मग आरशात.

"काका," ती म्हणाली, "मला काहीच हलवावं लागत नाहीये. आरसासुद्धा बरोबर आहे. कुणी लावलाय?"

ट्रकचं इंजिन बाहेर चालू होतं.

"शनिवारी ती मेथी आणायला गेली होती," काका म्हणाले. "गाडी आणून इथे लावली. मंगळवारी गेली. त्यानंतर मी काही हलवलं नाही."

कंपनीची शिस्त, माणसाने आवरून बसावं, सगळं त्या गराजमध्ये आमच्या भोवती उभं राहिलं. सहा फूट एक इंचाचा माणूस चार वर्षं रोज काकूंच्या चार फूट दहा इंचांच्या जागेत बसत होता. मी मागच्या सीटवर होतो म्हणून बरं. मेधाने डोळे पुसले नाहीत, कारण तिला आरशात बघायचं होतं.

तिने गाडी मागे घेतली. ड्राइव्हवेवर ट्रकवाला साखळी घेऊन उभा होता. मेधा त्याच्या शेजारून, जितक्या सावकाश गाडी जाऊ शकते तितक्या सावकाश, रस्त्यावर निघून गेली. ट्रकवाल्याने हात हलवला. मला वाटतं, तो अजून तिथेच वाट बघत असावा.

त्या रात्री मंजिरीला फोन मी केला. लायसन्स असलेला माणूस शेजारी हवा म्हणून बाबा रोज मेधाबरोबर गाडीत जाणार आहेत, दूध-भाजी सगळं होईल, असं सांगितलं. सीटबद्दलही सांगितलं. ती म्हणाली, "आई सिग्नल द्यायला विसरायची. मेधाला सांगा." चँडलरचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

तिसऱ्या टेस्टमध्ये मेधा पास झाली. मग काकांनी शेजारी बसायची गरज उरली नाही. तरी दर शनिवारी दहा वाजता ते टोपी घालून गराजच्या दारात उभे असत आणि दोघं भाजीला जात. मेथी आधी घ्यायची, बाकीचं नंतर. परत येताना मेधाला १९२८ पासूनचा इतिहास ऐकावा लागे. ती आता कुकरला स्वस्त म्हणत नाही.

एवढं सगळं झालं तरी माझ्या पोटात तो 'कट' आवाज पडून होता. काकूंनी शेवटची लावलेली सीट, आणि मी अडाण्यासारखी दांडी ओढलेली. मेधाला सगळं बरोबर बसलं तेव्हा मला आनंद झाला होता, पण एक खाच इकडेतिकडे तिला कळली नसेल तर? एका शनिवारी काका आमच्या टेबलाशी मेथी निवडत बसले होते. मी शेजारी बसलो, एक जुडी ओढली, आणि सांगून टाकलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुम्ही ओरडलात ना, त्याच्या आधीच सीट एक खाच मागे गेली होती. मी बोललो नाही. चुकलं.

काकांनी हातातली काडी पूर्ण निवडली, पानं टोपलीत टाकली.

"माहीत आहे," ते म्हणाले. "गुडघ्याला कळलं होतं. त्याच दिवशी पुढे घेतली."