ढकलता येईल अशी गाडी

गाडी घ्यायला गेलेला माणूस आधी रंग बघतो, मग आत बसून सीटवर थोडा उसळतो आणि शेवटी अ‍ॅव्हरेज विचारतो. आमचे भगवानतात्या यातलं काहीच करत नाहीत. ते थेट गाडीच्या मागं जातात, बाह्या दुमडतात, डिकीवर दोन्ही तळहात टेकतात आणि दम धरून ढकलून बघतात.

भिगवण रोडवरच्या एका चकचकीत शोरूममध्ये त्यांनी हा प्रकार केला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. गाडी दुसऱ्याच कुणाच्या डिलिव्हरीसाठी फुगे लावून सजवलेली होती. हॅंडब्रेक ओढलेला असल्यामुळे ती हलली नाही, पण दोन फुगे फुटले आणि सेल्समन धावत आला.

"काका, काय झालं?"

"काय न्हाय. वजन बघतोय. हिला ढकलायला माणसं किती लागतील?"

टाय लावलेल्या त्या सेल्समनला एअरबॅगपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं तोंडपाठ होतं, पण हा प्रश्न त्याला कुणी शिकवलेला नव्हता. तो अदबीनं म्हणाला, "सर, आमची गाडी ढकलावी लागतच नाही."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "चला मॅनेजर. हितं आपलं काम न्हाय."

मी मॅनेजर नाही. बँकेत क्लार्क आहे. तात्यांनी मला बढती देऊन बरीच वर्षं झाली, बँकेला मात्र अजून ते कळलेलं नाही. मी कर्जाच्या टेबलावर बसतो, म्हणजे मला गाड्यांतलं कळतं, अशी त्यांची समजूत. बारामतीत आमची घरं समोरासमोर, त्यामुळे समजूत काढून टाकण्यापेक्षा सोबत जाणं सोपं पडतं.

तात्या पाटबंधारे खात्यातले निवृत्त कालवा निरीक्षक. उभी नोकरी कालव्याच्या भरावावरून सायकल, मग मोटरसायकल फिरवत गेली. कालव्याच्या तोंडाला ते हेड म्हणतात आणि जिथं तो संपतो त्याला टेल. हेडला पाणी सगळ्यांनाच मिळतं, टेलच्या रानाला पोचलं तरच ते पाणी, हा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब आणि तोच ते सगळीकडं लावतात. लग्नाला गेले की पहिल्या पंगतीला बसत नाहीत. शेवटच्या पंगतीला बसून जिलेबी तिथवर आली का ते बघतात, आणि आली नसेल तर वाढप्याची चौकशी लावतात. आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टर शिंद्यांनी त्यांना रूट कॅनॉल करावं लागेल म्हणून सांगितलं, तर तोंड उघडं ठेवूनच म्हणाले, "टेलपातूर जाणार आसाल तरच हात लावा." शोरूममध्ये कुणी गाडीची किंमत सांगायला लागलं की हात वर करून त्याला थांबवायचे. "ही हेडची किंमत झाली. विमा, टॅक्स, पासिंग धरून टेलची बोला."

त्यांची जुनी गाडी पांढरी, छोटी, पेट्रोलची. आता तिचा रंग पाणी जास्त झालेल्या चहासारखा दिसायचा. काकू असताना दोघं तिच्यातून भरपूर हिंडले. काकू गेल्या आणि गाडीचं हिंडणं रविवारपुरतं उरलं. निरवांगीला त्यांची थोडी जमीन आहे, पुतण्या पेरू आणि डाळिंब बघतो. रविवारी सकाळी निघायचं, बागेत एक फेरी मारायची, पुतण्याला दोन चुका दाखवायच्या आणि संध्याकाळी परत. बाकीचे दिवस गाडी दारात उभी.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते. काकू गेल्यानंतरच्या एका रविवारी तात्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी नुसतीच खाकरली. तोवर गल्लीतले आम्ही सगळे त्यांच्या दारावरून मान खाली घालून जात होतो. दहावं झालं, तेरावं झालं, पुढं काय? बाई माणूस शेजारणीकडं भाजीची वाटी घेऊन तरी जाते. पुरुषानं नुसतं जाऊन बसायचं आणि बोलायचं काय, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण बंद पडलेली गाडी ढकलायला काहीच बोलावं लागत नाही. मी गेलो, डॉक्टर टूथब्रश तोंडात तसाच ठेवून आले, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर गफूरचाचा लुंगी खोचत आले. कोपऱ्यावरच्या कडुलिंबापर्यंत ढकलल्यावर गाडी सुरू झाली. बॅटरी चार्ज व्हावी म्हणून ती तशीच चालू ठेवून तात्यांनी आम्हाला ओट्यावर बसवलं आणि स्वतः चहा करून आणला. इतका गोड चहा मी कुणाच्या लग्नातही प्यालो नव्हतो.

तेव्हापासून दर रविवारचा हा कार्यक्रम ठरून गेला. तात्यांनी कुणाला कधी हाक मारली नाही. ते फक्त बॉनेट उघडायचे, काठी लावायचे आणि बाजूला हात मागं बांधून उभे राहायचे. गल्लीत बॉनेट वर दिसलं की आम्ही आपोआप बाहेर. तात्या स्टिअरिंगवर, आम्ही मागं, आणि गफूरचाचांचा आवाज सगळ्यांच्या वर. "सेकंडला टाका! आता सोडा क्लच! आता! अहो तात्या, आता!" तात्या क्लच नेहमी उशिरा सोडायचे, कडुलिंब आल्यावरच. "इतकी वर्सं गाडी चालिवत्यात, पर क्लच कवा सोडायचा ते कळत न्हाय," असं चाचा चहा पिताना त्यांच्या तोंडावर म्हणायचे. तात्या खाली बघून बशीत चहा ओतायचे. त्या तासाभरात डॉक्टरांच्या दवाखान्यापासून जगाच्या युद्धांपर्यंत सगळं निकालात निघायचं. मग तात्या निरवांगीला जायचे आणि संध्याकाळी येताना प्रत्येक ढकलणाऱ्याला पेरूची एक पिशवी द्यायचे. त्याला ते धक्क्याचा मान म्हणायचे.

मेकॅनिकनं त्यांना कितीदा सांगितलं, "तात्या, नवी बॅटरी टाका, न्हायतर गाडी चालवत जावा." तात्या म्हणायचे, "अजून दम हाय तिच्यात." एकदा डॉक्टरांनी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायची जाड वायर त्यांना भेट दिली. तात्यांनी ती अंगणात दोन खांबांना ताणून बांधली आणि तिच्यावर टॉवेल वाळत घातले.

हे असंच चाललं असतं. पण गाडीचं पासिंग संपलं, खालचा पत्रा गंजून पायापाशी रस्ता दिसायला लागला आणि पिंपरीहून त्यांची मुलगी सुनीता आली. तिनं पायाखालचा रस्ता बघितला आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, ही गाडी आजपासून बंद. निरवांगीच्या रस्त्यात बंद पडली तर कोण ढकलणार?"

"माणसं हायेत की," तात्या म्हणाले.

"रस्त्यात?"

"सगळीकडं आसत्यात."

सुनीता ऐकणाऱ्यातली नाही. शेवटी ती माझ्याकडं आली. "काका, तुम्हीच त्यांना चांगली गाडी बघून द्या. किल्ली फिरवली की सुरू होणारी."

आणि मी कामाला लागलो. डोकं चालवायचा मोका मला बँकेत फारसा मिळत नाही, त्यामुळे इथं मी जरा जास्तच चालवलं. डिझेल मी पहिल्यांदा बाद केलं. जो रोज लांबचं चालवतो त्याला डिझेल परवडतं, आठवड्यातून एकदा निरवांगी करणाऱ्याला नाही. सीएनजीचंही तेच, शिवाय टाकी डिकीत बसते, मग पेरू कुठं ठेवायचे? मला स्वतःला विजेवरची गाडी पसंत होती. जाऊन यायचं तेवढं सहज चालेल, रात्री घरी चार्जिंगला लावली की झालं.

त्या शोरूममधल्या मुलीनं फार छान समजावून सांगितलं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बंद पडली तर?"

"फोन करायचा, आमची टोइंगची गाडी येईल."

"ती येतीया तवर आपली माणसं ढकलतील की."

"नको नको, ही ढकलून सुरूच होत नाही. त्यांनी बाजूला उभं राहायचं."

तात्या खुर्चीतून उठले. "माणसांनी बाजूला उभं ऱ्हायचं, आसली गाडी घिऊन करायचं काय वो मॅनेजर?"

ऑटोमॅटिक गाडीत बसून त्यांनी डाव्या पायानं क्लच शोधला. तो नाही म्हटल्यावर ढकलून सुरू करण्याचा प्रश्नच मिटला, आणि तात्या पाय आखडून उतरले. मी चिडलो. म्हणालो, "तात्या, गाडी पळायला घ्यायचीय का ढकलायला?" परत येताना ते गाडीत, म्हणजे माझ्या गाडीत, खिडकीबाहेरचा ऊस बघत बसले. मला वाटलं, म्हातारं हट्टाला पेटलंय.

अखेर बावड्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांची गाडी कळली. छोटी, पेट्रोलची, क्लचवाली आणि फारच कमी चाललेली. आपल्या कामाला याच्याहून सोयीचं काही मिळणार नव्हतं. प्राध्यापकांनी शेडमधून प्लॅस्टिकचं कापड बाजूला केलं तर आत गाडी कोरी करकरीत. तात्या मागं गेले. बाह्या दुमडल्या. ढकलली. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी पुढं गेली आणि प्राध्यापक घाबरून तिच्या पुढं धावले.

"कवा ढकलावी लागली का हिला?" तात्यांनी विचारलं.

"छे हो!" प्राध्यापकांची छाती फुगली. "घेतल्यापासून एकदाही नाही!"

"एकदाबी न्हाय?"

तात्यांनी हे अशा आवाजात विचारलं की जणू त्यांना कुणी एखाद्या पोरक्या पोराची हकीकत सांगितली होती. मग गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाले, "घ्या ही. बिचारीला कुणाचा हातच लागला न्हाय."

व्यवहार झाला. येताना ती गाडी तात्यांनी चालवली, मी शेजारी. इंदापूरला आम्ही चहाला थांबलो. परत निघताना किल्ली फिरवायच्या आधी तात्या क्षणभर थांबले. फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"मॅनेजर," ते म्हणाले, "ही बंद पडंल आसं वाटत न्हाय."

"कशाला पडेल तात्या! काळजीच सोडा."

"व्हय," ते म्हणाले. डॉक्टरानं रिपोर्ट सांगावा आणि आपण मान हलवावी, तसं.

पुढच्या रविवारी मी चहाचा कप घेऊन खिडकीत उभा होतो. तात्या इस्त्रीचा शर्ट घालून आले. किल्ली फिरवली, गाडी सुरू. ते काही वेळ तसेच बसून राहिले. एकदा डॉक्टरांच्या गॅलरीकडं बघितलं, एकदा गफूरचाचांच्या दाराकडं. डॉक्टर पेपर वाचत होते, त्यांनी पेपरच्या आडूनच हात हलवला. तात्या गेले. संध्याकाळी आमच्या फाटकांना पेरूच्या पिशव्या अडकवलेल्या होत्या. धक्का नव्हता, मान मात्र आला. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच झालं. माझी बायको पिशवी आत घेऊन आली आणि म्हणाली, "तात्या आता आत येत नाहीत का? नुसती पिशवी लटकवून जातात." मी म्हणालो, "गाडी चांगली मिळाली ना, कामं पटकन होतात त्यांची."

आणि मग त्या रविवारी मी खिडकी उघडली तर समोर बॉनेट वर.

त्या कोऱ्या करकरीत गाडीचं बॉनेट, काठी लावलेलं, आणि बाजूला हात मागं बांधून तात्या. मला आधी हसू आलं. म्हटलं, बघा, प्राध्यापकानं गंडवलं शेवटी. चपला घालून मी फाटकापाशी गेलो आणि बघतो तर काय, तात्या इंजिनाकडं बघतच नव्हते. ते गल्लीकडं बघत होते. महिनाभर हा माणूस मला एकच गोष्ट विचारत होता आणि मी त्याला अ‍ॅव्हरेज सांगत होतो.

"काय झालं तात्या?" मी जवळ जाऊन विचारलं.

"काय न्हाय," तात्या म्हणाले. त्यांना खोटं बोलायची सवय नाही, कान लाल झाले होते. "आपलं जरा... पाणी बघत हुतो. गाडी चांगली हाय वो."

मी गल्लीकडं वळलो आणि जोरात ओरडलो, "डॉक्टर! चाचा! तात्यांचं बॉनेट वर आहे!"

डॉक्टरांच्या हातातला पेपर खाली आला. टूथब्रश तोंडात नव्हता एवढंच, बाकी ते तसेच धावत आले. गफूरचाचा लुंगी खोचत आले. आयुष्य इंजिनांत गेलेला माणूस. त्यांनी बॉनेटखाली एक नजर टाकली, मग तात्यांच्या तोंडाकडं एक, आणि बॉनेट धाडकन बंद केलं.

"काय विचार करताय? बसा आत," ते तात्यांना म्हणाले. "सेकंडला टाका."

"आवं चाचा, ती किल्लीवर..."

"बसा म्हणतो न्हवं!"

तात्या बसले. आम्ही तिघांनी डिकीवर हात टेकले. गाडी हलकी होती, एका माणसानं ढकलली असती. डॉक्टर उगाच ऱ्हं ऱ्हं करून जोर लावल्याचा आवाज काढत होते. आम्ही चार पावलं गेलो असू, तेवढ्यात तात्यांच्या पायाखालून क्लच सुटला आणि गाडी अलगद सुरू झाली. नेहमीपेक्षा कितीतरी आधी. मी हात काढायला गेलो, तर चाचा माझ्या कानाशी ओरडले, "हात काढू नका रं! इंजान थंड हाय आजून!"

आरशात तात्यांचे डोळे दिसत होते. ते आम्हाला बघत होते आणि गाडी इतकी हळू चालवत होते, की आमचे हात सुटू नयेत.

आम्ही कडुलिंबापर्यंत ढकलत गेलो.