कोपऱ्यातून दिसणारा टीव्ही

नगराळे काका वांगी घेताना डोळे मिटतात. एक वांगं या हातात, एक त्या हातात, आणि वणीच्या भर बाजारात सत्तरीकडे झुकलेला हा माणूस डोळे मिटून उभा. भाजीवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळते, त्याचं आटोपतं, तरी काका उभेच. मग एक वांगं परत ठेवतात आणि गंभीरपणे सांगतात, "हे घेतो. त्याच्यात बिया जास्त हाय."

काकांची सगळी नोकरी कोळशाच्या खाणीतल्या वजनकाट्यावर गेली. रिकामा ट्रक आत जाताना तोलायचा, भरलेला बाहेर येताना तोलायचा. निवृत्त झाले, पण हात काही निवृत्त झाले नाहीत. मागच्या गल्लीत जुळी मुलं झाली, तेव्हा काकांनी दोघांना दोन हातांवर घेतलं आणि म्हणाले, "हा पावभर जास्त भरते." आईने दवाखान्याचा कागद काढून पाहिला. बरोबर निघालं. त्यानंतर तिने काकांच्या हातात मुलं दिली नाहीत.

मी त्यांची शेजारीण. चार वर्षांपूर्वी बदली होऊन इथल्या शाळेत आले आणि त्यांच्या घराला लागूनच असलेल्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मधे एक भिंत. त्यांच्या पत्नी सुशीलाबाई मी येण्याआधीच वारल्या होत्या. मुलगी हैदराबादला दिली आहे. काका एकटेच राहतात, हे मला माहीत होतं ते त्या भिंतीमुळे. पलीकडून एकच ताट घासल्याचा आवाज यायचा आणि सकाळ-संध्याकाळ बातम्या.

एका सकाळी बातम्या आल्या नाहीत. मी शाळेचा डबा भरता भरता थांबले, आणि शेवटी जाऊन दार वाजवलं. काका दारात आले, चेहरा उतरलेला.

"गेला, मॅडम," ते म्हणाले.

"कोण?"

"टीव्ही."

जाड पाठीचा, जुना टीव्ही. आत मांडणीवर तो बसला होता आणि काकांनी त्याच्यावर स्वच्छ टॉवेल झाकला होता. मला हसू आवरेना, पण काका हसत नव्हते, म्हणून मी नवीन घ्यायचं सुचवलं.

हे सुचवून मी काय करून बसले, ते पुढच्या दोन महिन्यांत कळलं.

काकांना परवडतील असे दोन टीव्ही वणीत होते. दोन्ही बत्तीस इंची, किमतीतही फारसा फरक नाही. अडचण एवढीच की ते समोरासमोरच्या दोन दुकानांत होते आणि मधे हमरस्ता. काका एका दुकानात टीव्ही पाहायचे, त्याचा रंग डोळ्यांत साठवायचे आणि पलीकडे जायला निघायचे. तेवढ्यात ट्रकांची रांग सुरू व्हायची. शेवटी रस्ता ओलांडून पोचेपर्यंत बातम्या संपून साबणाची जाहिरात लागलेली असायची. काका परत फिरायचे. एका दुकानातल्या शेठने त्यांच्यासाठी स्टूल ठेवलं. दुसऱ्या दुकानातली काउंटरवरची मुलगी, प्रणाली, त्यांना विचारल्याशिवाय चॅनल बदलेनाशी झाली.

"मॅडम, असं नाई जमत," एक दिवस काका मला म्हणाले. "दोन्ही एकाच टायमाले पाहा लागते. तुम्ही एका दुकानात उभ्या राहा, मी दुसऱ्या."

"दोन्हींत फरक तो काय असणार, काका? घेऊन टाका कोणताही."

"कायले घाई? तोलून पाह्यल्याबिगर मी आजवर काही घेतलं नाई."

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मी प्रणालीच्या दुकानात उभी राहिले. काका रस्त्यापलीकडे शेठच्या दुकानात. दोघांच्या कानाला फोन, दोन्हीकडे एकच बातम्यांचा चॅनल.

"तुमच्याकडं त्या बाईची साडी कोणती दिसून राह्यली?" काकांनी विचारलं.

"जांभळी."

"माझ्याकडं निळी हाय. चेहरा?"

"छान आहे. गोरी आहे."

"माझ्याकडची बिमार वाटते." काका जरा थांबले. "आवाज पाहा आता."

माझ्या टीव्हीचा आवाज मोकळा, स्वच्छ होता. काकांचा, त्यांच्याच शब्दांत, डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. मला वाटलं, झालं, ठरलं. माझाच टीव्ही सरस. मी निघण्यासाठी पर्स उचलली.

"थांबा. आता डावीकडं सरका."

मी सरकले.

"आणखी सरका."

"काका, पुढे वॉशिंग मशीन आहे."

"तिच्यामागं जा. अन् आता खाली बसा."

"खाली?"

"भुईवर. फरशी पुसली हाय का विचारा."

प्रणालीने हसू दाबत मला खोक्याचा पुठ्ठा दिला. तालुक्याच्या गावात, मी शिकवलेली निदान दहा मुलं त्या रस्त्याने जात असताना, मी वॉशिंग मशीनच्या मागे पुठ्ठ्यावर मांडी घालून बसले आणि मान वर करून पाहिलं. माझ्या गोऱ्या बाईचा चेहरा काळपट झाला होता. डोळे तेवढे पांढरे. बाकी सगळं धुरात बुडाल्यासारखं.

"काका, इथून काहीच कळत नाही."

"माझ्याकडं दिसते," काका म्हणाले. त्यांना धाप लागली होती. म्हणजे तेही तिकडे भुईवर बसले होते. "बिमार हाय, पण दिसते."

फोनमधून मला शेठचा आवाज ऐकू आला. तो काकांना प्रेमानेच म्हणत होता, "काका, घरी तुम्ही एकटेच ना? समोर खुर्ची टाका अन् आरामात पाहा. कोपऱ्यातून कोण पाहणार हाय?"

मग फोन कट झाला.

मी रस्ता ओलांडून गेले, तोवर काकांनी फिकट रंगाचा, घुसमटल्या आवाजाचा तो टीव्ही बांधायला सांगितला होता.

घरी येताना ऑटोत खोकं आम्हा दोघांच्या गुडघ्यांवर आडवं. मी काही विचारलं नव्हतं. काका खोक्याकडे पाहत स्वतःच बोलायला लागले.

"आमच्या गल्लीत पहिला टीव्ही माह्या घरी आलता. रविवारी पिक्चर लागला का समदी गल्ली घरात. उभं राहाले जागा नसे. सुशीला सतरंजी टाके, पाण्याचा पितळी गुंड भरून ठेवे. एक भागरथी बुढी होती, एकटीच राहे. तिचं काम उशिरा आटपे, म्हणून तिले नेहमी कोपरा भेटे. तिथून तिले काहीच दिसत नसे. लोकं हसले का बुढीबी हसे."

"मग?"

"सुशीला मले म्हणे, टीव्ही जरासा वळवा न तिच्याकडं. मी म्हणो, वळवला का इकडचे बोंबलते." काकांनी खोक्यावरची धूळ तळव्याने पुसली. "नाई वळवला मी कधी. बुढी गेली, मंग सुशीलाही गेली. आता वाटते, एखाद्या रविवारी वळवाले काय झालतं?"

ऑटो गल्लीत शिरला, तेव्हा काकांनी खोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

टीव्ही लागला त्याच आठवड्यात काका घरोघरी जाऊन आले. रविवारी चार वाजता पिक्चर, सगळ्यांनी या. सगळे हो म्हणाले. नाही कोण म्हणणार? मलाही सांगितलं. रविवारी सकाळपासून भिंतीपलीकडे सामान सरकवल्याचे आवाज येत होते. दुपारी मोहरी तडतडली, चिवड्याचा वास आला.

मला पेपर तपासायचे होते. पाच मिनिटं तोंड दाखवून यावं, असं ठरवून मी सव्वाचारला गेले.

खोलीभर सतरंजी अंथरली होती. तिच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. भिंतीला लागून खुर्च्या, त्यातल्या दोन शेजाऱ्यांकडून आणलेल्या. पाण्याच्या गुंडाशेजारी पालथे घातलेले पेले, एका ओळीत. बुद्धाच्या तसबिरीखाली टीव्हीवर पिक्चर सुरू झाला होता. काका मात्र टीव्हीसमोर नव्हते. ते दारापाशी बसले होते, आत येणाऱ्याला वाट राहील इतके बाजूला सरकून.

"येतीन," मला पाहून ते म्हणाले. "कापणीचे दिवस हाय, सोयाबीन सोंगून राह्यले लोकं. अन् दोघातिघांकडं पाहुणे हाय."

"हो, येतील."

मी सतरंजीवर बसले. पडद्यावर कोणीतरी कोणाच्या लग्नात नाचत होतं. गल्लीतून पावलं वाजली की काका मान वळवायचे. पावलं पुढे निघून जायची. समोरच्या घराच्या उघड्या दारातून दिसत होतं, तिथे चार माणसं चार कोपऱ्यांत बसली होती, प्रत्येकाच्या हातात आपापला मोबाइल. काकांनाही ते दिसत असणार.

पाच वाजता मध्यंतर झालं. काकांनी मला बशीत चिवडा दिला, बाकीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पहिल्यांदाच आत येऊन खाली बसले. जाहिराती संपल्या, पिक्चर पुन्हा लागला. त्यांनी थोडा वेळ पाहिला. मग रिमोट हातात घेऊन तो उलटासुलटा करत राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्हाले पिक्चर पाहाचाच हाय का?"

"नाही, तसं काही नाही."

"मंग बंद करतो जरासा. तुम्ही आल्या तं बोलू."

दोन महिने तोलून घेतलेला टीव्ही त्यांनी बंद केला. चार वर्षं आम्ही वांगी, पाणी आणि वीजबिल यांपलीकडे बोललोच नव्हतो.

मग काकांनी मांडी बदलली आणि संकोचून विचारलं, "तुमचे मालक नागपूरले असते म्हणते लोकं. पोरगी बी तिकडंच. तुम्हाले इकडं एकटीले करमते का?"

शाळेत, गल्लीत, बाजारात हे मला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी हसून हो म्हणाले असते. त्या दिवशी हो म्हणता आलं नाही.

"नाही करमत, काका," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. उठले, चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि आतूनच म्हणाले, "सांगा मंग. पोरगी काय शिकून राह्यली?"

मी सांगायला लागले.